अण्णांचा हिरवा मिल्कशेक

पहिला घास तोंडात घातला की तो पूर्ण चावून गिळेपर्यंत अण्णा काही बोलत नसत. समोरच्या भिंतीकडे बघत चावायचे. मग पाण्याचा एक घोट घ्यायचे आणि म्हणायचे, "चालेल. याहून वाईट खाल्लंय मी."

त्यांच्याकडे पोळीभाजीच्या कामाला लागले तेव्हा पहिल्याच दिवशी हे ऐकलं आणि मी घरी जाऊन रडले. महिनाभराने कळलं की ही स्तुती होती. एखादी गोष्ट आवडली नाही तर ते काहीच बोलत नसत, फक्त मीठ मागत.

अण्णा अंबरनाथकडच्या एका कारखान्यात कॅन्टीनचे सुपरवायझर होते. जेवणाची सुटी व्हायच्या आधी पहिलं ताट त्यांनी खायचं, मग कामगारांना वाढायचं, अशी तिथली पद्धत. स्वतः त्यांनी कधी काही शिजवलं नाही. त्यांचं काम खाण्याचं आणि चेहरा सरळ ठेवण्याचं.

"आमटी करपली तरी मी ताट संपवायचो," ते सांगत. "मी तोंड वाकडं केलं तर सगळी शिफ्ट उपाशी राहणार. मी खाल्लं की सगळे खातात. मग आत जाऊन आचाऱ्याला बघायचं."

"काय करायचे मग आचाऱ्याला?" मी एकदा विचारलं.

"त्याला तीच आमटी खायला लावायचो."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. रिटायर होऊन वर्षं झाली तरी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसतात, जणू कोणी गाडी घेऊन न्यायला येणार आहे. अण्णा तसेच. डोंबिवलीला पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर घर, पुढे रस्त्यावर गॅलरी. बायको गेल्यानंतर एकटेच राहत होते. मुलगी, जावई आणि नात ठाण्याला. मुलीला मी ताई म्हणायचे.

मी कामाला लागले तेव्हा अण्णांचा दुपारचा चहा ते स्वतः करत. तेवढं एकच त्यांना येत होतं. मग एकदा दूध गॅसवर ठेवून ते खाली पेपर आणायला गेले आणि वाचनालयात बसून राहिले. शेजारच्या काकूंना वास आला म्हणून थोडक्यात निभावलं. पातेलं टाकून द्यावं लागलं. पुढच्या महिन्यात त्यांनी गॅसचं बटण फिरवलं आणि पेटवायचं विसरले. त्या दिवशी मी पर्स विसरले म्हणून परत गेले होते. दार उघडलं तर घरभर वास, आणि अण्णा गॅलरीत शांतपणे उभे.

मी ताईंना सांगितलं. सांगायलाच हवं होतं.

ताई दुसऱ्याच दिवशी आल्या. त्या दिवसापासून असं ठरलं की मी सकाळचा स्वयंपाक करून निघताना खाली सिलिंडरपाशी गॅस बंद करायचा आणि लायटर माझ्या पिशवीत घालून न्यायचा. काडेपेटी घरात ठेवायची नाही. दुपारचा चहा थर्मासमध्ये. त्यामुळे अण्णांचा लायटर रोज माझ्याबरोबर ठाकुर्लीला माझ्या घरी यायचा आणि सकाळी परत जायचा.

अण्णांनी त्यावर वाद घातला नाही. फक्त थर्मासचा चहा प्यायल्यावर ते मीठ मागायला लागले.

ताईंच्या मनात त्यांना ठाण्याला न्यायचं होतं. खोली तयार होती. अण्णा म्हणायचे, "मी पाहुणा म्हणून येईन. चार दिवस. पाचव्या दिवशी पाहुण्याला माणसं कंटाळतात."

"तुम्ही पाहुणे कसे अण्णा?"

"तुझ्या घरात टॉवेल कुठे असतो ते मला माहीत नाही. म्हणजे मी पाहुणाच."

फेब्रुवारीच्या शेवटी ताईंनी मला फोन केला. म्हणाल्या, "सुनीताताई, पाडव्याला आम्ही येतोय. दिवसभर आहोत. अण्णांना नीट बघते आणि मग ठरवते. तुम्हाला आधी सांगून ठेवलं, दुसरं काम बघायचं तर वेळ मिळेल." त्या वाईट नव्हत्या. एवढं आधी सांगणारी माणसं कमी.

अण्णांनाही त्यांनी तसंच सरळ सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी मी पोळ्या लाटत होते तेव्हा ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"सुनीताबाई, मिल्कशेकला गॅस लागतो का?"

मी म्हटलं, "नाही बहुतेक. मिक्सर लागतो."

"लागत नाही. मी विचारून घेतलंय."

झालं होतं असं की मागे ठाण्याला गेले असताना नातीने त्यांना एका दुकानात नेऊन पुदिन्याचा मिल्कशेक पाजला होता. अण्णा म्हणाले होते, चालेल. एवढं बोलून ते थांबले नाहीत, काउंटरवरच्या मुलाला त्यात काय काय घालतोस ते विचारलं. दूध, पुदिना, साखर, व्हॅनिला आइस्क्रीम, बर्फ. यात विस्तव कुठेच नव्हता.

"पाडव्याला मी सगळ्यांसाठी करणार आहे," अण्णा म्हणाले. "माझ्या हाताने. तुम्ही हात लावायचा नाही."

मला त्यांचं गणित कळलं. ज्या माणसाच्या घरातून लायटर काढून नेलाय त्याने पाहुण्यांना स्वतःच्या हाताने काहीतरी करून दिलं, तर तो घर चालवतो असं म्हणता येईल.

त्यांनी मोबाइलवर कृती शोधली. अक्षरं बारीक होती म्हणून मला वाचायला सांगितली. माझी शाळा खडवलीला चौथीपर्यंत झाली. मी अक्षर लावून लावून वाचते. "मिश्रण फेसाळ होईपर्यंत" या तीन शब्दांना मला बराच वेळ लागला. अण्णा हात मागे बांधून थांबले होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "पुढे?" घाई करायची त्यांना सवय नव्हती, आणि मला कोणी घाई केली नाही की मला बरं वाचता येतं.

पहिल्या दिवशी त्यांनी पुदिन्याची अख्खी जुडी देठांसकट मिक्सरमध्ये घातली आणि झाकणावर हात ठेवायचं राहिलं. दूध कॅलेंडरवर उडालं. अण्णांनी मिक्सर बंद केला, कॅलेंडर पुसलं आणि भांड्यात उरलेलं ग्लासात ओतून प्यायले. देठांचे धागे दातांत अडकले. ते काढत काढत म्हणाले, "देठ नको."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नुसती पानं घेतली, पण भांडं घेतलं छोटं. आमच्याकडे छोट्या भांड्यात मिरचीलसणाची चटणी होते. ते कितीही घासलं तरी वास जात नाही, हे प्रत्येक घरातल्या बाईला माहीत असतं. मी सांगणार होते, पण त्यांनी हात लावायचा नाही असं सांगितलं होतं आणि बोलायचं की नाही ते सांगितलं नव्हतं. मी विचार करेपर्यंत मिक्सर सुरू झाला.

अण्णा भिंतीकडे बघत प्यायले. "घशाशी जरा तिखट लागतंय."

"ते चटणीचं भांडं आहे."

"हे आधी बोलायचं असतं."

"हो."

"तुम्ही बोलत नाही, मी विसरतो," अण्णा म्हणाले. "दोघांचं मिळून एक माणूस होईल."

मग मी रोज सकाळी थोडी पानं निवडून, धुऊन, साखरेबरोबर खलबत्त्यात कुटून द्यायचे. तेवढी सूट मला मिळाली. ती वाटी झाकून फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात ठेवायची. बाकी सगळं त्यांचं. मोठं भांडं, गार दूध, आइस्क्रीम, बर्फ शेवटी. रंग काही केल्या हिरवा येईना. सरकारी दवाखान्याच्या भिंतीला असतो तसा यायचा. मी म्हटलं, खायचा रंग मिळतो. अण्णा म्हणाले, कॅन्टीनमध्ये जिलबीला रंग घालणारा आचारी त्यांनी काढून टाकला होता, आता स्वतःच्या घरात ते घालणार नाहीत.

पाडव्याच्या आदल्या दिवशीचा मिल्कशेक मला दिला. खरंच चांगला झाला होता. जिभेला आधी गोड आणि मग गार लागला. मी ग्लास रिकामा केला. ते माझ्याकडे बघत होते.

"चालेल," मी म्हटलं. "याहून वाईट प्यायलेय."

अण्णा मोठ्याने हसले. मी त्यांना तसं हसताना आधी पाहिलं नव्हतं.

पाडव्याला मी लवकर गेले. गुढी अण्णांनीच उभारली, गॅलरीत. कडुनिंबाची चटणी मी वाटली. कोवळी पानं, गूळ, ओवा, जिरं, थोडा हिंग. नैवेद्य दाखवून झाल्यावर तिची वाटी ओट्यावर ठेवली, येईल त्याला प्रसाद म्हणून देता यावी म्हणून. पुदिन्याची वाटी नेहमीसारखी फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात. ती अण्णांनी स्वतः उघडून बघितली आणि परत झाकली.

खाली स्वागतयात्रा सुरू झाली होती. ढोल, लेझीम, फेटे बांधलेल्या बाया स्कूटरवर. रस्ता बंद म्हणून ताईंना गाडी लांब लावून चालत यावं लागलं. तिघे घामाघूम होऊन आले. जावई सोफ्यावर टेकले आणि म्हणाले, "अण्णा, काहीतरी थंड द्या हो. पार वाट लागली."

"बसा," अण्णा म्हणाले. "मी करतोय."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी पुऱ्यांचं पीठ मळत होते. हात लावायचा नाही असं ठरलं होतं, म्हणून मी पाठ करून उभी राहिले. मागे मिक्सर फिरला, काही उडालं नाही म्हणजे झाकणावर हात होता. बर्फ पडल्याचा आवाज आला. ग्लास ट्रेमध्ये मांडल्याचा आवाज आला. सगळं क्रमाने चाललं होतं. ते ट्रे घेऊन बाहेर गेले आणि मी वळून ओट्याकडे बघितलं.

कडुनिंबाची वाटी रिकामी होती. चमच्याने खरवडून घेतली होती.

मी पिठाच्या हातांनी दारापर्यंत गेले. तोवर ग्लास सगळ्यांच्या हातात पोचले होते. रंग मात्र फार सुंदर आला होता. इतक्या दिवसांत आला नव्हता तसा, पोपटी.

"थांबा," अण्णा म्हणाले. "आधी मी."

ही त्यांची जुनी सवय. त्यांनी मोठा घोट घेतला आणि भिंतीकडे बघायला लागले. मी त्यांचा जबडा बघत होते. तो एकदा थांबला. मग त्यांनी गिळलं. ताई त्यांच्याकडे बघत होत्या, कारण त्या दिवशी त्या बघायलाच आल्या होत्या.

अण्णांनी दुसरा घोट घेतला. मग पूर्ण ग्लास संपवून खाली ठेवला.

"चालेल," ते म्हणाले. "आज पाडवा आहे. पहिला ग्लास कडुनिंबाचा. दरवर्षी तुम्ही एक पान दाताखाली धरल्यासारखं करता आणि गॅलरीतून खाली टाकता. मला दिसतं. या वर्षी सगळ्यांनी घ्यायचा."

जावयांनी तोवर घोट घेतलेला होता. त्यांचे डोळे मोठे झाले. "अण्णा, हे काय आहे," एवढंच ते बोलू शकले.

"औषधी आहे."

नातीने जिभेचं टोक लावून बघितलं. "आजोबा, ह्यात हिंग आहे?"

"आहे. पचनाला."

"आणि आइस्क्रीम पण आहे?"

"ते तुझ्यासाठी."

ती हसायला लागली आणि हसता हसता तिने एक घोट घेऊन टाकला, मग शहारली. जावई म्हणाले, "अगं, पी, पी, आजोबांनी बरोबर गंडवलंय आपल्याला." ताईंनीही घोट घेतला. त्या हसल्या नाहीत. त्या ग्लासावरून अण्णांकडे बघत होत्या.

"आता खरा आणतो," असं म्हणून अण्णा आत आले. माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "पुदिन्याची वाटी कुठे आहे?"

"फ्रिजमध्ये. वरच्या कप्प्यात."

"मग मी काय घातलं?"

मी रिकामी वाटी दाखवली. त्यांनी ती हातात घेऊन पाहिली, वास घेतला आणि होती तिथे ठेवली. "ओट्यावर हिरवं दिसलं," ते म्हणाले. मग फ्रिज उघडला, पुदिन्याची वाटी काढली, माझ्यासमोर धरली.

"हीच ना?"

"हीच."

दुसरा मिल्कशेक त्यांनी न चुकता केला. तो सरकारी दवाखान्याच्या रंगाचाच झाला. बाहेर सगळ्यांनी तो मागून घेतला. जावई म्हणाले, "अण्णा, हा एक नंबर. दुकान टाकू या आपण." अण्णा म्हणाले, "दुकानातही पहिला ग्लास कडुनिंबाचाच द्यावा लागेल."

मी पुऱ्या तळायला घेतल्या तेव्हा ताई आत आल्या. दार लोटून घेतलं.

"सुनीताताई, एक खरं सांगा. मुद्दाम घातला होता का त्यांनी?"

तुम्हाला माझा स्वभाव माहीत नाही. मी कोणाच्या घरात चार वाक्यं सलग बोलत नाही. माणसं विचारतात, मी हो किंवा नाही म्हणते. इथे हो म्हटलं असतं तर अण्णा राहिले असते आणि माझं कामही राहिलं असतं. पण गॅसच्या वासाचं ते घरही मीच उघडलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "चुकून गेला."

ताईंनी मान हलवली. त्यांना तेच वाटलं होतं.

मग मी पुढे बोलले. कढईकडे बघून बोलले, म्हणून जमलं. "पण ताई, पहिल्या घोटाला त्यांना कळलं. कळल्यावर त्यांनी तो पूर्ण संपवला, तुमच्या सगळ्यांसमोर गोष्ट रचली, कोणाला संशय येऊ दिला नाही. तुम्ही लेक म्हणून तुम्हाला आला. माणूस विसरतो हे खरं आहे. पण डोकं गेलेल्या माणसाला एवढं जमत नाही. लायटर मी नेतेच आहे. संध्याकाळीही एक चक्कर मारीन. मला रस्त्यातच आहे."

रस्त्यात नव्हतं. पण तेवढं चालतं.

ताईंनी ओट्यावरच्या वाटीत बोट फिरवून चाटलं. तोंड वाकडं झालं त्यांचं.

"हे ते ग्लासभर प्यायले?"

"हो. बर्फासकट."

त्यांनी नळ सोडला आणि भांडी घासायला घेतली. ती सगळी घासलेली होती. पुरी जळाली एक.

निघताना ताई अण्णांना म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत बघू या."

"चालेल," अण्णा म्हणाले.

दिवाळीपर्यंत ताईंनी बघितलं आणि अण्णांनी निभावून नेलं. उन्हाळाभर ते मिल्कशेक करत राहिले. शेजारच्या काकूंना दिला, पेपरवाल्याला दिला, मीटर बघायला आलेल्या माणसाला बसवून दिला. पावसाळ्यात पुदिना चिखलाचा यायला लागला तेव्हा थांबले. मी संध्याकाळी चक्कर मारायचे. ते विचारायचे, "आज काही घोटाळा?" मी घर बघून म्हणायचे, "नाही." कधीकधी पंखा सुरू आणि खिडक्या बंद असायच्या, कधी चष्मा तांदळाच्या डब्यावर. ते मी घोटाळ्यात धरत नव्हते.

दिवाळी झाली. थंडी पडली. एका सकाळी मी बेल वाजवली, अण्णांनी दार उघडलं आणि माझ्याकडे बघून अगदी अदबीने म्हणाले, "कोण हवंय आपल्याला?"

मी म्हटलं, "मी आहे अण्णा."

"या, बसा," ते म्हणाले. त्यांनी मला पंख्याखालच्या खुर्चीत बसवलं. त्या घरात मी त्या खुर्चीत कधी बसले नव्हते. आतून पाणी आणून दिलं, ग्लासाखाली बशी धरून. मी पाणी प्यायले. ते समोर बसून, पाहुण्याने बोलायला सुरुवात करावी म्हणून वाट बघत राहिले. आम्ही दोघं तसेच बसलो.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "सुनीताबाई, आज पोळ्या नाहीत का?"

मी उठून कणीक काढली. पाठीमागे त्यांनी फोन लावल्याचं ऐकू आलं. "मी बोलतोय," ते ताईंना म्हणाले. "खोली अजून रिकामी आहे का तुझ्याकडे? मग ये. नाही, पडलो वगैरे नाही. आज मी सुनीताबाईंना ओळखलं नाही. त्या सांगणार नाहीत, म्हणून मी सांगतोय."

ते खरं होतं. मी सांगितलं असतं की नाही, मला अजून कळलेलं नाही.

रविवारी ताई आणि जावई आले. बॅगा जावयांनी खाली गाडीत नेऊन ठेवल्या. फ्रिज रिकामा करून मी दार उघडं ठेवलं, आत पेपर अंथरला. कामं संपली तेव्हा ताई आणि मी चपला घालून दाराबाहेर उभ्या राहिलो. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून उंबऱ्याच्या आत उभे होते. त्यांनी आम्हा दोघींना हात जोडले.

"या हं पुन्हा," ते म्हणाले. "सावकाश जा. जिन्यात अंधार आहे."

ताई हातातलं कुलूप चाचपत राहिल्या. मग मीच म्हटलं, "अण्णा, तुम्हालाही यायचंय."

"मला?" त्यांनी एकदा घराकडे वळून बघितलं. "बरं. मग जरा थांबा."

ते आत गेले. आतल्या खोलीतला दिवा बंद झाला, मग स्वयंपाकघरातला, मग गॅलरीचं दार लावून कडी घातल्याचा आवाज आला. बाहेर येऊन त्यांनी चपला घातल्या, ताईंच्या हातातून कुलूप घेतलं, स्वतः लावलं आणि धरून ओढून बघितलं. ते नीट लागलं होतं.